कॅटच्या पुढे सरकार, कॅटच्या मागे तुम्ही: जुन्या स्पोर्ट्स कारचा एक्झॉस्ट बदलताना

जुन्या स्पोर्ट्स कारचा एक्झॉस्ट बदलायचा म्हटलं की लोक आधी सायलेन्सरच्या किमती बघतात आणि यूट्यूबवर तासन्‌तास आवाज ऐकत बसतात. ते सगळं नंतर. आधी गाडीखाली शिरून एक डबा शोधा: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजच्या बोलीत नुसता ‘कॅट’. इंजिनापासून या डब्यापर्यंत जे काही आहे त्यावर सरकारची नजर असते. त्याच्या मागे जे आहे ते बरंचसं तुमच्या मर्जीवर. एवढं डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ मिटतो. आणि बहुतेक जण ज्यासाठी हा सगळा खटाटोप करतात तो आवाज घडतो कॅटच्या मागेच, हे आपलं नशीब.

उदाहरणाला मी कॅलिफोर्निया आणि पहिल्या पिढीची माझदा मियाटा घेतोय. कॅलिफोर्निया, कारण अमेरिकेत धुराचे सगळ्यात कडक नियम तिथले. मियाटा, कारण सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात चाळिशी गाठलेल्या माझ्या ओळखीच्या इंजिनियर मंडळींना जेव्हा दोन सीटच्या उघड्या गाडीचं वेड लागतं, तेव्हा पोर्शाच्या किमती बघून झाल्यावर ते मुकाट्याने हिच्याकडे वळतात. १९८९ मध्ये ही गाडी अमेरिकेत विकायला आली. १.६ लिटरचं चार सिलेंडरचं इंजिन, ११६ अश्वशक्ती, वजन टनाला जेमतेम टेकणारं, ताकद मागच्या चाकांना. कंपनी जपानी, पण गाडीची मूळ कल्पना आणि रेखाटनं माझदाच्या कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या स्टुडिओत आकाराला आली. जुन्या ब्रिटिश रोडस्टरचा आत्मा ठेवायचा आणि त्यांचं तेल गळणं तेवढं टाळायचं, असा तो बेत होता. एक्झॉस्टचा आवाजसुद्धा माझदाच्या माणसांनी मुद्दाम बसून घडवलेला आहे. त्यामुळे ‘कंपनीचा आवाज म्हणजे शिलाई मशीन’ असं म्हणणाऱ्यांशी माझं फारसं पटत नाही. पण ३५ वर्षांत तो मूळ सायलेन्सर गंजून गेलेला असतो आणि बदलावा तर लागतोच.

डब्यात काय चालतं

पेट्रोल पूर्ण जळलं तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी एवढंच उरायला हवं. प्रत्यक्षात तीन नको असलेल्या गोष्टी उरतात. अर्धवट जळलेल्या कार्बनचा मोनॉक्साइड, म्हणजे सीओ. न जळता तसंच निसटलेलं इंधन, म्हणजे हायड्रोकार्बन, एचसी. आणि सिलेंडरमधल्या प्रचंड उष्णतेत हवेतल्याच नायट्रोजन आणि ऑक्सिजनने एकमेकांचा हात धरल्यामुळे तयार होणारे नायट्रोजनचे ऑक्साइड, एनओएक्स. यातले शेवटचे दोघे कडक उन्हात एकत्र आले की ओझोन आणि लॉस एंजलिसचं कुप्रसिद्ध धुरकं तयार होतं, हे कॅलटेकमधल्या आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. पुढे राज्याचं एअर रिसोर्सेस बोर्ड उभं राहिलं तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष तेच. मियाटाच्या पाइपवर आज या बोर्डाच्या मंजुरीचे जे नंबर शोधावे लागतात त्यांचं मूळ तिथे आहे.

कॅटच्या आत मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वीट असते. साधारणपणे दर चौरस इंचाला ४०० भोकं. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा पातळ लेप. पहिले दोघे सीओ आणि एचसी जाळून संपवतात, तर ऱ्होडियम एनओएक्समधला ऑक्सिजन काढून घेतो. म्हणजे एकाच डब्यात एकीकडे ऑक्सिजन द्यायचा आणि दुसरीकडे काढून घ्यायचा, अशी उलटसुलट कामं चालतात. ती दोन्ही एका वेळी साधायची तर हवा आणि पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी आसपास राहावं लागतं. पेट्रोल जास्त झालं की सीओ आणि एचसी सुटतात, हवा जास्त झाली की एनओएक्स सुटतं.

हे प्रमाण सांभाळतो कॅटच्या आधी बसवलेला ऑक्सिजन सेन्सर. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर तो ०.१ व्होल्टच्या आसपास दाखवतो, नसेल तर ०.९ च्या. गाडीचा कॉम्प्युटर त्याकडे बघून पेट्रोल किंचित कमी, किंचित जास्त, पुन्हा कमी असं सतत करत राहतो. तापलेल्या गाडीच्या सेन्सरला मल्टिमीटर लावून बघा, आकडा ०.४५ च्या वरखाली नाचताना दिसतो. तो नाचला की समजायचं प्रकृती ठीक. एकाच जागी बसून राहिला, किंवा आळसावून हलत असला, तर नवा एक्झॉस्ट घेण्याआधी नवा सेन्सर घ्या. सेन्सर आणि कॅटची ही जोडी व्होल्व्होने १९७६ मध्ये पहिल्यांदा आणली, तीही कॅलिफोर्नियाच्या बाजारासाठी.

यातूनच एक गोष्ट निघते जी कुठल्याही पार्टच्या खोक्यावर लिहिलेली नसते. सेन्सरच्या आधी पाइपाला किंवा जोड हवाबंद ठेवणाऱ्या गॅस्केटला बारीकशी फट असेल तर तुम्हाला वाटेल धूर बाहेर पडेल, बस. पण धूर सलग वाहत नाही, तो धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपात क्षणभर दाब कमी होतो आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो. कॉम्प्युटरला वाटतं, पेट्रोल कमी पडतंय, आणि तो पेट्रोल वाढवतो. म्हणजे इंजिन ठणठणीत, कॅट नवाकोरा, आणि तरीही सीओ वर. नवा हेडर, म्हणजे इंजिनाच्या चार तोंडांतून येणारा धूर एकत्र करणारे पाइप, बसवल्यावर ‘स्मॉग’मध्ये, म्हणजे राज्याच्या धुराच्या चाचणीत, गाडी नापास झाली की लोक हेडरला शिव्या घालतात. कितीदा तरी दोष असतो जुन्याच गॅस्केटवर नवा हेडर कसून बसवणाऱ्याचा.

कॅटच्या पुढचा भाग: इथे कागद लागतो

कॅलिफोर्नियात इंजिनाच्या धुरावर परिणाम करू शकेल असा बाहेरचा पार्ट लावायचा तर त्याला एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर लागतो. सगळे त्याला ‘ईओ नंबर’ म्हणतात. तो त्या पार्टला सरसकट मिळत नाही, ठरावीक कंपनीच्या, ठरावीक सालाच्या, ठरावीक इंजिनासाठी मिळतो. म्हणजे ‘कार्ब अप्रूव्ह्ड’ (कार्ब म्हणजे हेच बोर्ड) एवढं जाहिरातीत वाचून भागत नाही. तुमच्या गाडीचं साल त्या यादीत आहे का ते बोर्डाच्या संकेतस्थळावर स्वतः बघायचं.

हेडर या नियमात येतो. कॅट तर येतोच. कॅटच्या पत्र्यावर ईओ नंबर, पार्ट नंबर, बनवल्याची तारीख आणि धूर कुठल्या दिशेने वाहायचा त्याचा बाण ठोकलेला असतो. स्मॉगवाला, म्हणजे धुराची चाचणी करणारा, टॉर्च आणि आरसा घेऊन नेमकं हेच वाचतो, म्हणून कॅट बसवताना ही पाटी खालून दिसेल अशा बाजूला ठेवायला मेकॅनिकला सांगा. दुसऱ्या राज्यांत चालणारे स्वस्त कॅट इथे चालत नाहीत. जुना कॅट धडधाकट असताना केवळ हौस म्हणून बाहेरचा बसवायलाही परवानगी नाही. दर इंचाला १०० किंवा २०० भोकांचे ‘हाय फ्लो’ कॅट इंटरनेटवर भरपूर मिळतात. तुमच्या गाडीसाठी ईओ नंबर नसेल तर त्यांचा विचारही करू नका.

आणि कॅट काढून त्या जागी सरळ पाइप? ते तर संपूर्ण अमेरिकेत बेकायदा आहे, केंद्राच्या क्लीन एअर ॲक्टखाली. राज्यात तपासणी होत असो वा नसो. आमच्या ओळखीच्या एकाने ॲरिझोनातून १९९० ची लाल मियाटा आणली. फोटोत सुंदर, पेंट चकचकीत, टपाचं कापडसुद्धा नवं. सॅन होजेला लिफ्टवर चढवली तेव्हा कॅटच्या जागी फूटभर लांबीचा चमचमीत पाइप, दोन्ही टोकांना जोडायला व्यवस्थित फ्लँज, म्हणजे नटबोल्टच्या चपट्या कडा. कोणीतरी फार मन लावून केलेलं काम होतं ते! कॅलिफोर्नियात रजिस्टर करायला स्मॉगचं सर्टिफिकेट हवं, त्याला कॅट हवा, कॅटला ईओ नंबर हवा. गाडीत वाचलेले पैसे त्या एका डब्यात गेले.

आता प्रश्न येतो की पुढचा भाग बदलून मिळतं काय. १.६ च्या मियाटाचा कंपनीचा हेडर मुळातच स्टीलच्या नळ्यांचा आहे, जुन्या गाड्यांत असायचा तसा बिडाचा ओबडधोबड ठोकळा नाही. त्यामुळे तो बदलून फार काही हाती लागत नाही. ११६ अश्वशक्तीच्या गाडीत सगळा एक्झॉस्ट बदलूनही चार-पाच घोडे वाढले तर आनंद माना. ज्याला खरोखर ताकद हवी आहे त्याने दुसरी गाडी घ्यावी, हे माझं मत मी मित्रांना सांगतो आणि ते ऐकत नाहीत.

‘इंजिनाला थोडा बॅक प्रेशर लागतोच’ हे वाक्य मात्र प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येतं, पुण्यात आणि सॅन होजेतही. तेवढं समजून घ्यायला हवं. उलटा दाब इंजिनाला कधीच नको असतो. हवा असतो तो वेग. एका सिलेंडरमधून सुटलेला धुराचा लोंढा वेगाने पुढे गेला की त्याच्या मागे कमी दाबाची पोकळी तयार होते, आणि ती पुढच्या सिलेंडरमधला उरलासुरला धूर ओढून काढते. दादरला लोकल थांबली की उतरणारे एका झटक्यात उतरले तरच चढणाऱ्यांना जागा होते, तसंच. पाइप गरजेपेक्षा मोठा घेतला की हा वेग पडतो. थोडा हिशोब करू. १.६ लिटरचं इंजिन मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर साधारण ५,६०० लिटर हवा आत घेतं. तापून बाहेर पडताना ती अंदाजे तिप्पट जागा व्यापते. दोन इंची पाइपात तिचा वेग सेकंदाला १३५-१४० मीटर भरतो, तीन इंचीत जेमतेम साठ. तीन इंची पाइप टर्बो लावणाऱ्यांसाठी. साध्या मियाटाला सव्वादोन इंच पुष्कळ झाले.

कॅटच्या मागचा भाग: इथे कान लागतो

कॅटच्या मागच्या फ्लँजपासून शेवटपर्यंतचा संच म्हणजे ‘कॅट-बॅक’. मधला पाइप, त्यावरचा घुमारा कमी करणारा छोटा डबा म्हणजे रेझोनेटर आणि बंपरखालचा आडवा सायलेन्सर. याला ईओ नंबर लागत नाही, कारण धुराची जी काही सफाई व्हायची ती आधीच झालेली असते. इथे लागू होतो तो आवाजाचा कायदा. कॅलिफोर्नियात ६,००० पौंडांखालच्या गाडीचा एक्झॉस्ट बदलून आवाज ९५ डेसिबलच्या वर नेता येत नाही. मोजणी ठरलेल्या पद्धतीने होते. डेसिबल ही चढण फसवी आहे, १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. म्हणजे ८५ वरून ९५ वर गेलेली गाडी कायद्यात बसेल, शेजाऱ्यांच्या मनात बसेलच असं नाही.

यूट्यूबवर गाडी उभी असताना रेस केलेला आवाज असतो. तुमच्या वाट्याला येणारा आवाज वेगळा. पाचव्या गिअरमध्ये ताशी ६५ मैलांनी जाताना मियाटाचं इंजिन ३,५०० फेऱ्यांच्या आसपास असतं. चार सिलेंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ११७. टप बंद असलेल्या छोट्या केबिनमध्ये नेमका हा खालचा घुमारा साचतो. त्याला ड्रोन म्हणतात. पहिल्या दिवशी भारी वाटतं. सॅन होजेहून सॅक्रामेंटोला दोन तास चालवत गेलात की डोकं ठणकायला लागतं आणि सोबत बसलेलं माणूस परतीच्या प्रवासाला ट्रेनची चौकशी करतं.

यावर एक छान उपाय आहे. मधल्या पाइपाला एक बंद टोकाची नळी जोडायची. आवाजाची लाट तिच्यात शिरते, बंद टोकाला आपटून परत येते, आणि येईपर्यंत अर्ध्या लाटेने मागे पडलेली असते. मूळ लाटेचा उंचवटा आणि परतलेल्या लाटेचा खळगा एकमेकांना खाऊन टाकतात. नळीची लांबी लाटेच्या पाव भागाएवढी हवी. गरम धुरात आवाजाचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या वर असतो, त्यामुळे ११७ च्या घुमाऱ्यासाठी ही नळी एक मीटरहून थोडी लांब लागते. मियाटाखाली एवढी जागा शोधणं ही वेगळीच कसरत. त्यापेक्षा मधला रेझोनेटर तसाच ठेवून फक्त मागचा सायलेन्सर बदलला तर खर्च कमी, घुमारा कमी. मी तरी पहिल्यांदा एवढंच करायला सांगेन.

धातूचं थोडक्यात. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. गाडी रोज दोन मैल चालवली तर सायलेन्सर पुरता तापत नाही, ते पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून गंजतो. हौशी गाड्या हेच आयुष्य जगतात. म्हणून ३०४ दर्जाचं स्टेनलेस घेतलेलं बरं. ४०९ दर्जाच्या स्टेनलेसला लोहचुंबक चिकटतं आणि वरवरचा गंज येतो, ३०४ ला सहसा चिकटत नाही. दुकानात खिशातून लोहचुंबक काढायला लाजू नका.

स्मॉगच्या दिवशी

१९७६ ते १९९९ सालच्या गाड्यांची बे एरियासारख्या भागात रोलरवर चाचणी होते. मागची चाकं रोलरवर, शेपटीत नळी, आणि गाडी एकदा ताशी १५ मैल, एकदा २५ मैल वेगाने भाराखाली चालवायची. २००० आणि पुढच्या सालांच्या गाड्यांना फक्त कॉम्प्युटर जोडतात. याशिवाय स्मॉगवाला सगळे मूळ पार्ट जागेवर आहेत का ते नजरेने बघतो, पेट्रोलच्या टाकीचं झाकण आणि बाष्पाची गळती तपासतो, इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते, तेही बघतो. १.६ मियाटाचं टायमिंग पुस्तकाप्रमाणे १० अंश. हौशी मंडळी ते १४ वर नेतात, गाडी जरा चपळ होते. चाचणीच्या आधी ते परत १० वर आणायचं, कारण टायमिंग पुढे नेलं की सिलेंडरमधली उष्णता वाढते आणि एनओएक्स चढतं.

निकालाचा कागद लोक ‘पास’ वाचून घडी घालतात. तो नीट वाचा. तुमच्या इंजिनाचा तो रक्ताचा रिपोर्ट आहे. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त: सेन्सर, आधी सांगितलेली फट, किंवा अडकलेला इंजेक्टर. एचसी जास्त आणि सोबत ऑक्सिजनही जास्त, म्हणजे एखादा सिलेंडर नीट पेटत नाही. मियाटात अशा वेळी पहिला संशय स्पार्क प्लगच्या वायरींवर घ्यायचा, त्या या गाडीत लवकर जातात आणि स्वस्तात मिळतात. दुर्लक्ष केलं तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि सिरॅमिकची वीट वितळते. मग कॅटवर रबरी हातोडी हलकेच मारली की आत खुळखुळ ऐकू येते. एनओएक्स जास्त, बाकी सगळं ठीक, तर टायमिंग बघा आणि मग कॅट म्हातारा झाला असं समजा. कार्बन डायऑक्साइड १४-१५ टक्के आणि ऑक्सिजन शून्याला लागून असेल तर इंजिन आणि कॅट दोघंही खूश आहेत.

कॅट २५०-३०० अंश तापल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणून स्मॉगला जाताना हायवेवरून वीसेक मिनिटं गाडी पळवून न्या आणि तिथे रांग असली तर इंजिन बंद करून गप्पा मारत उभे राहू नका.

साल कुठलं, यावर बरंच काही

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना ही तपासणी नाही. पूर्वी ३० वर्षं झालेली गाडी आपोआप सुटायची. २००४ च्या कायद्याने ती सरकती रेघ १९७५ वर कायमची गोठवली. त्यामुळे १९७५ ची ब्रिटिश रोडस्टर एमजीबी मोकळी, आणि तेच १,७९८ सीसीचं इंजिन असलेली १९७६ ची एमजीबी दर दोन वर्षांनी रोलरवर. टीव्हीवाले जे लेनो यांच्या पाठिंब्यामुळे ‘लेनोज लॉ’ म्हणून ओळखलं गेलेलं विधेयक ३५ वर्षांवरच्या हौशी गाड्यांना सूट देणार होतं. २०२५ मध्ये ते विधिमंडळाच्या समितीतच अडकलं.

पण एक छोटी वाट आधीपासून आहे आणि फार जणांना माहीत नसते. गाडी ३५ मॉडेल वर्षं जुनी असेल आणि तिचा विमा ‘कलेक्टर कार’ म्हणून काढलेला असेल, तर स्मॉग रेफरीकडे, म्हणजे वेगळ्या प्रकरणांतल्या गाड्या तपासणाऱ्या राज्याच्या केंद्रात, जाऊन फक्त धुराची, टाकीच्या झाकणाची आणि इंधनगळतीची तपासणी करून घेता येते. पार्टांची नजरपाहणी गळते. १९९० ची मियाटा २०२५ पासून या वयात बसते. धुराच्या मर्यादा मात्र त्याच राहतात, त्यामुळे कॅटशिवाय पास होण्याची स्वप्नं बघू नका.

ब्रिटनमध्ये असाल तर रेघा वेगळ्या आहेत. १ ऑगस्ट १९७५ पूर्वी रस्त्यावर आलेल्या गाडीचा धूर फक्त डोळ्याने बघतात. तिथून ३१ जुलै १९८६ पर्यंतच्या गाडीला सीओ ४.५ टक्के चालतो, पुढे १९९२ च्या जुलैअखेरपर्यंतच्या गाडीला ३.५, आणि त्यानंतर कॅटची कडक चाचणी. ४० वर्षं झालेल्या आणि मोठा फेरबदल न केलेल्या गाडीला २०१८ पासून एमओटी, म्हणजे तिथली वार्षिक तपासणीच, लागत नाही. एक्झॉस्टच्या प्रयोगांना हा देश बराच दिलदार आहे.

आणि आपल्याकडे

भारतात जुन्या स्पोर्ट्स कार मोजक्याच. त्यातली एक चक्क गोव्यात बनायची: सॅन स्टॉर्म, रेनोचं १,१४९ सीसीचं इंजिन, दोन सीट, उघडता येणारा टप. १९९८ च्या सुमाराची ही गाडी अजून कोणी जपली असेल तर त्याला माझा सलाम. पीयूसीमध्ये जुन्या, भारत स्टेज २ च्या आधीच्या चारचाकीला सीओ ३ टक्के आणि एचसी १,५०० पीपीएमपर्यंत मुभा आहे. स्टेज २ आणि ३ ला ०.५ टक्के आणि ७५०. म्हणजे आकड्यांची अडचण कॅलिफोर्नियाइतकी नाही.

अडचण आहे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची. कंपनीने दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर वेगळ्या कलमाखाली १०,००० पर्यंत दंड. बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोड रोलर फिरवल्याच्या बातम्या आपण वाचतोच. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नंबरप्लेट मिळू शकते, पण त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी. तेव्हा इथे शहाणपणाचा मार्ग म्हणजे कंपनीच्याच मापाचा, त्याच जागी बसणारा, पण स्टेनलेसमध्ये बनवून घेतलेला सायलेन्सर. चांगला वेल्डर जुना सायलेन्सर कापून आतले पडदे आणि भोकांच्या नळ्या बघून हुबेहूब नवा करतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर हा खर्च सरळ वसूल.

कामाला हात घालायचाच असेल तर क्रम असा ठेवा. आधी जुन्या एक्झॉस्टवरच स्मॉग करून घ्या, म्हणजे इंजिनाची खरी तब्येत कळते आणि नंतर काही बिघडलं तर तुलनेला आकडे हातात असतात. बॉनेटखालच्या धुराच्या लेबलचा फोटो काढा. गाडी कॅलिफोर्नियासाठी बनली की इतर राज्यांसाठी, आणि इंजिन कुठल्या गटातलं, हे त्यावर छापलेलं असतं, आणि कॅट मागवताना तेच विचारतात. कॅटच्या फ्लँजचे नट आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून भिजत ठेवा. तरीही एखादा तुटणारच, म्हणून नवे स्टड आणि गॅस्केट आधीच आणून ठेवा. रबरी हँगर साबणाच्या पाण्याने सुटतात, त्यांना चाकू लावू नका. सगळे जोड आधी सैल ठेवायचे, पाइप कुठे अंगाला घासत नाही ना ते बघायचं, आणि मग इंजिनाकडून मागे कसत यायचं. गाडी थंड असताना सुरू करून प्रत्येक जोडाजवळ हात धरा, फुसफुस लगेच जाणवते. पाइप तापायला लागायच्या आत हात काढून घ्या. नव्या कॅटचं बिल आणि ईओ नंबरचा कागद गाडीतच ठेवा, आणि काढलेला कंपनीचा सायलेन्सर भंगारात देऊ नका. गाडी विकताना तो मागणारं गिऱ्हाईक हमखास भेटतं.